दुष्काळ-संहितेपासून हवामान-आराखड्यापर्यंत

सरकारने संकट येण्यापूर्वीच त्याची तयारी करून ठेवावी, ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, तिचाही केव्हा तरी जन्म झाला असेल हे ध्यानात येत नाही. दुष्काळात राजाने कोठारे उघडावी, सारा सोडावा, विहिरी खणवाव्या, ही धर्मबुद्धी आपल्याकडे जुनीच आहे. परंतु ती त्या त्या राजाच्या मनावर अवलंबून असे. पाऊस हुकल्याची अमुक लक्षणे दिसली म्हणजे अमुक अधिकाऱ्याने अमुक काम सुरू करावे, असा लेखी नियम करून तो जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवावयाचा, ही गोष्ट निराळी. आपल्या देशात तिचा आरंभ १८८० ते १८८३ ह्या काळात झाला. आणि ज्या दुष्काळाने तो करविला, त्याने दख्खनची गावेच्या गावे ओस पाडली होती.

हा जुना इतिहास आज उकरून काढण्याचे कारण सांगितले पाहिजे. ३० जून २००८ रोजी भारत सरकारने हवामानबदलासंबंधीचा राष्ट्रीय कृती-आराखडा प्रसिद्ध केला. हवामानबदलाच्या प्रश्नाची दोन अंगे आहेत. कोळसा आणि तेल जाळून हवेत जाणारा कर्बवायू कमी करावयाचा, हे एक. आणि जो बदल आता टळण्याजोगा राहिलेला नाही, त्याच्याशी शेती, पाणी, घरे आणि माणसे ह्यांना जुळवून घ्यावयास लावावयाचे, हे दुसरे. ह्या दुसऱ्या अंगाला शास्त्रीय परिभाषेत अनुकूलन म्हणतात. शब्द नवा असला, तरी बेभरवशाच्या पावसाशी राज्ययंत्रणेने जुळवून घेण्याचे काम आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. ते केव्हा साधले आणि केव्हा फसले, हे पाहिले म्हणजे आजच्या आराखड्याची परीक्षा करण्यास एक कसोटी हाती लागते. ती चार प्रश्नांची आहे. संकट आले हे कोणत्या खुणेवरून ठरवावयाचे? मग काम कोणी करावयाचे? पैसा कोठून यावयाचा? आणि काम झाले नाही, तर सामान्य माणसाने दाद कोठे मागावयाची?

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस हुकला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर ह्या टापूतील शेतकरी बैल विकून, घराची लाकडे विकून बाहेर पडला. मद्रास इलाखा आणि म्हैसूरची स्थिती ह्याहून भीषण होती. दोन वर्षांत केवळ ब्रिटिश हद्दीत पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. ह्या दुष्काळाची पाहणी करण्यास व्हाइसरॉय लिटन ह्यांनी सर रिचर्ड टेंपल ह्यांना पाठविले. ह्याच टेंपलसाहेबांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता आणि मृत्यू फार थोडे होऊ दिले होते. त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तो धुऊन काढण्याची संधी त्यांना दख्खनमध्ये मिळाली. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, अशी मजुरी त्यांनी ठरविली. खडी फोडणाऱ्याचे पोट तेवढ्यावर भरत नाही, हे सांगावयास वैद्याची गरज नव्हती. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. तीन वर्षांच्या आत एकाच अधिकाऱ्याने दोन दुष्काळांत दोन टोकांचे वर्तन केले, ह्यातच नियमाची गरज सिद्ध होते. माणसांचे जगणे वरिष्ठांच्या मर्जीवर आणि अधिकाऱ्याच्या बढतीच्या चिंतेवर टांगून ठेवता येत नाही.

ह्या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे काम केले, त्याचे स्मरण व्याख्यानमालांच्या श्रोत्यांना अगत्याने करून द्यावेसे वाटते. कारण वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्यांच्या नावाशी निगडित आहे, ते न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हेच त्या कामामागे होते. सभेने जिल्ह्यांतून माणसे नेमली, गावोगावची पिके, भाव, गुरांची विक्री, कामावरच्या मजुरांचे हाल ह्यांची माहिती जमविली आणि ती वेळोवेळी सरकारला सादर केली. सरकारी अहवालाशेजारी लोकांचा अहवाल उभा करण्याचा हा उद्योग आपल्या सार्वजनिक जीवनात अगदी नवा होता.

१८७८ साली सर रिचर्ड स्ट्रॅची ह्यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्याच्या आधारे १८८३ साली दुष्काळ-संहितेचा नमुना तयार होऊन प्रांतोप्रांती संहिता झाल्या. ही संहिता वाचली म्हणजे तिच्या कर्त्यांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. दुष्काळ जाहीर होण्यापूर्वीच्या खुणा तीत दिलेल्या होत्या: धान्याचे भाव चढणे, सावकाराने कर्ज आखडते घेणे, लोकांनी गाव सोडून भटकू लागणे, लहानसहान चोऱ्या वाढणे. अशा खुणा दिसल्या म्हणजे प्रथम चाचणीची कामे काढावयाची. लोक त्यांवर गर्दी करून आले, तर संकट खरे समजावयाचे. मग धडधाकटांना काम, अपंग आणि वृद्धांना फुकट शिधा, शेतकऱ्याला साऱ्याची तहकुबी किंवा सूट, आणि बी-बैलांसाठी तगाई. आपल्या चार प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे ह्या संहितेत स्पष्ट होती. खूण कोणती, हे लिहिले होते. काम कलेक्टरचे, हेही लिहिले होते. पावसाचा अंदाज आधी मिळावा म्हणूनही खटपट सुरू झाली. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचे भाकीत करण्याचा प्रयत्न ह्याच दशकात आरंभिला.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे पैशाचे, उत्तर मात्र कच्चे निघाले. दुष्काळ-विम्याच्या नावाने दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे सरकारने ठरविले होते आणि त्यासाठी नवे करही बसविले होते. ह्या पैशाला वेगळी कुलपबंद पेटी नव्हती. अफगाण युद्धाचा खर्च अंगावर आला, तशा वाटा फुटल्या. हा दुष्काळनिधी गेला कोठे, हा प्रश्न त्या काळच्या हिंदी पुढाऱ्यांनी वारंवार विचारला. चौथ्या प्रश्नाचे तर उत्तरच नव्हते. संहिता हा कायदा नव्हता, अधिकाऱ्यांसाठी काढलेला हुकूम होता. तिच्यातील एखादे कलम पाळले गेले नाही, म्हणून रयतेला कोणत्याही न्यायालयात जाता येत नव्हते.

न्यायालयात जाता येत नसले, तरी चावडीवर जाता येत होते. १८९६ साली पुन्हा पाऊस हुकला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी नेमके हे ओळखले. 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांकरवी त्यांनी संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून दिल्या. तुमचे पीक गेले असेल, तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी मागण्यास सरकारचाच नियम तुमच्या पाठीशी आहे. ती मागण्यात राजद्रोह नाही आणि भीकही नाही, हे त्यांनी गावोगाव पोचविले. टिळकांनी नवे काहीच मागितले नव्हते. सरकारने जे छापले होते, ते लोकांना वाचावयास लावले, एवढेच. परंतु तेवढ्यानेच राज्यकर्ते अस्वस्थ झाले. १८९७ साली मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली आणि सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा तिचा अधिकार अमान्य केला. कपाटात असेपर्यंत जो नियम निरुपद्रवी असतो, तो रयतेच्या हाती गेला म्हणजे सरकारला जड जातो. कोणत्याही आराखड्याची ताकद त्या क्षणी कळते.

दुसरा पुरावा उलट बाजूचा आहे. १९४३ साली बंगालमध्ये संहिता होती, कलेक्टर होते, जुना अनुभव होता; पण दुष्काळ जाहीरच केला गेला नाही. जाहीर केला, तर संहितेप्रमाणे ठराविक शिधा द्यावा लागला असता, आणि तेवढे धान्य सरकारजवळ नव्हते. युद्धाच्या धामधुमीत ते आणण्याची निकडही वरिष्ठांना वाटली नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या घरात नेला. ह्यावरून दिसते की, संकटाची खूण लिहून ठेवणे पुरेसे नाही. ती दिसल्यावर जाहीर करणे न करणे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याला जाहीर न करण्याचा मोह नेहमीच असतो.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने ह्या कथेत एक महत्त्वाचे पान जोडले. १९७२ चा दुष्काळ आजही पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांच्या आठवणीत आहे. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी हे शब्द त्या पिढीला सांगावे लागत नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोचली होती. जुन्या संहितेचीच ही पद्धत, परंतु आता राज्य लोकांचे होते, विरोधी पक्ष आणि शेतकरी-मजुरांच्या संघटना मोर्चे काढीत होत्या, आणि उपासमारीने मोठा संहार होऊ शकला नाही. ह्याच्याही आधी, १९६५ साली, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने मागेल त्याला काम देण्याचा एक लहानसा प्रयोग झाला होता. त्यातून रोजगार हमी योजना वाढली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

ह्या कायद्याने चारही प्रश्नांना उत्तर दिले. खूण कोणती, तर मजुराने स्वतः केलेली मागणी. कलेक्टरने दुष्काळ जाहीर करण्याची वाट पाहावयास नको. काम कोणी द्यावयाचे, तर जिल्हा यंत्रणेने, पंधरा दिवसांच्या आत. पैसा कोठून, तर १९७५ च्या कायद्याने शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक ह्यांच्यावर बसविलेल्या व्यवसायकरातून, आणि त्यात राज्याने आपल्या तिजोरीतून घातलेल्या भरीतून. काम मिळाले नाही तर काय, तर बेकारीचा भत्ता. भत्त्याची रक्कम दिवसाला एक रुपया, म्हणजे नाममात्रच होती, आणि तो मिळविणेही सोपे नव्हते. तरी तत्त्व मान्य झाले. आपल्या पगारातून कापला जाणारा तो लहानसा कर दूरच्या माळरानावरील पाझर तलावासाठी होता, हे शहरवासीयांपैकी कितीजणांना ठाऊक होते, हा प्रश्न आम्ही येथे नुसता विचारून ठेवतो. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव त्याच्यापुढे होता.

आता आजच्या काळाकडे वळू. जुनी संहिता एका गृहीतावर उभी होती: दुष्काळ येतो आणि जातो. तो गेला की कामे बंद, शिधा बंद, आणि सारे पूर्ववत. जुन्या सरासरीवरून पुढचा अंदाज बांधता येईल, हा तिचा पाया होता. तो पायाच आता हलू लागला आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ ह्या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढल्या. एकंदर पाऊस कमी आणि पडतो तेव्हा धो धो, असा हा विचित्र योग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा काळात जे पूर्वी होते तेथे परत जावयाचे, ही दुष्काळ-संहितेची भाषा पुरी पडत नाही. वाट कोठे जाणार हे पुरते ठाऊक नसताना तयारी करावयाची, असे हे काम आहे.

२००८ च्या राष्ट्रीय आराखड्याने आठ मोहिमा ठरविल्या: सौर ऊर्जा, ऊर्जेचा काटकसरीने वापर, नगरे व घरे, पाणी, हिमालय, वने, शेती आणि ज्ञानसंवर्धन. पुढल्या वर्षी राज्यांनाही आपापले आराखडे करण्यास सांगण्यात आले. ह्यांतील सौर मोहिमेचे उदाहरण बोधप्रद आहे. तिला २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट असे मोजता येणारे उद्दिष्ट होते. २०१५ साली ते १,००,००० मेगावॉटवर नेले. मुदत चुकली, पण जानेवारी २०२५ अखेर तो टप्पा ओलांडला गेला. मुदत चुकली हे कोणाही नागरिकाला सांगता येते, ह्याचे कारण उद्दिष्ट आकड्यात होते. पाण्याच्या मोहिमेलाही वापराची कार्यक्षमता वीस टक्क्यांनी वाढविण्याचे ध्येय दिले होते. परंतु आपल्या तालुक्यात ती किती वाढली, हे विचारावयाचे कोणाला? अनुकूलनाच्या बहुतेक कामांची हीच अडचण आहे. वीज मोजता येते. न आलेले संकट मोजता येत नाही.

पैशाचे काय झाले, तेही पाहू. २०१५ साली केंद्राने राष्ट्रीय अनुकूलन निधी स्थापन केला. त्याला पहिल्या दोन वर्षांसाठी ३५० कोटी रुपये ठरविण्यात आले आणि नाबार्डकडे अंमलबजावणी सोपविण्यात आली. त्यातून देशभर तीस प्रकल्प झाले. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही रक्कम किती, हे सांगावयास नको. दुसरीकडे, भारताने २०२३ अखेर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-व्यवस्थेला जे निवेदन दिले, त्यात अनुकूलनाशी संबंधित एकंदर खर्च २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.६ टक्के झाल्याचे म्हटले आहे. २०१५-१६ साली तो ३.७ टक्के होता. दोन्ही आकडे खोटे नाहीत. शेती, पाणी, आरोग्य, आपत्तिनिवारण ह्यांवरील नेहमीच्या खर्चाचा मोठा भाग अनुकूलनच आहे, असे मानले की आकडा फुगतो; त्याच कामासाठी म्हणून बाजूस काढलेली पेटी उघडली की तो आकसतो. दुष्काळ-विम्याच्या दीड कोटींची आठवण ठेवणाऱ्याला ह्या फरकाचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

खुणेच्या बाबतीत काही प्रगती झाली आहे, ती मान्य केली पाहिजे. पूर्वी दुष्काळ ठरे तो मुख्यतः पैसेवारीवर. पीक रुपयात पन्नास पैशांच्या खाली आले म्हणजे दुष्काळ. हा अंदाज पीक हाती येण्याच्या सुमारास आणि बराचसा नजरेने होई. तोवर शेतकरी ऊसतोडीला निघून गेलेला असे. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निर्णय देताना काही राज्ये दुष्काळ जाहीर करण्यास टाळाटाळ करतात, ह्याबद्दल कडक शब्द वापरले आणि दुष्काळाची नियमावली सुधारण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची नवी नियमावली आली. तीत पाऊस, जमिनीतील ओल आणि उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवळ ह्यांच्या मोजमापावर भर दिला. महाराष्ट्राने ह्याच कसोट्या लावून ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. १९४३ चा मोह आवरावयाचा, तर खूण अधिकाऱ्याच्या मर्जीतून काढून यंत्रावर आणि आकड्यावर नेणे हा एक मार्ग होय.

शहरांच्या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण मोलाचे आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. २०१३ साली तेथील महापालिकेने उष्णतेचा कृती-आराखडा केला. किती अंशांना कोणता इशारा, तो मिळाल्यावर रुग्णालयाने काय करावयाचे, पाणपोया कोठे घालावयाच्या, हे तीत नेमून दिले आहे. १८८३ च्या संहितेचीच ही बुद्धी, दुसऱ्या संकटाला लावलेली. त्याचे अनुकरण अनेक शहरांनी आणि राज्यांनी केले. परंतु २०२३ साली दिल्लीच्या धोरण-संशोधन केंद्राने अशा ३७ आराखड्यांची तपासणी केली, तेव्हा पैसा कोठून येणार ह्याचा उल्लेख केवळ अकरांत सापडला, आणि कायद्याचा आधार बहुतेकांना नव्हता. तिसरा आणि चौथा प्रश्न पुन्हा मोकळाच राहिला.

चौथ्या प्रश्नाबाबत एक दार अलीकडे किलकिले झाले आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत अंतर्भूत आहे, असे म्हटले. ह्या तत्त्वातून सामान्य माणसाला प्रत्यक्ष काय मिळेल, हे पुढे ठरावयाचे आहे. १८८३ ची संहिता लिहिली गेल्यापासून कामाचा हक्क कायद्यात उतरावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. तापमानाची गती पाहता ह्या खेपेस तेवढा अवधी मिळणार नाही.

काहीजण म्हणतील, एवढा मोठा विषय तज्ज्ञांचा. त्यात नागरिकांनी काय करावयाचे? रानड्यांच्या सभेने जे केले, तेच. आपल्या गावाचा, आपल्या जिल्ह्याचा आराखडा मागून घ्यावा. तो मराठीत नसेल, तर मराठीत मागावा. चैत्र-वैशाखात दुपारी बांधकामावर राबणाऱ्या मजुराला कोणत्या अंशावर सुटी, नदीकाठच्या वस्तीला पाण्याच्या कोणत्या पातळीवर सूचना, टँकर किती दिवसांत आणि कोणाच्या सहीने, हे त्यात लिहिले आहे काय ते पाहावे. लिहिले असेल, तर ते चावडीवर, बाजारात, शाळेच्या भिंतीवर लावून घ्यावे. लिहिले नसेल, तर पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी ते विचारावे, आणि त्यासाठी किती रक्कम ठेवली हेही विचारावे. सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्याइतके जे प्रश्न १८९७ च्या सरकारला बोचले होते, ते आपणांस आज निर्भयपणे विचारता येतात. पुढचा उन्हाळा येण्याच्या आत ते विचारले जावेत, एवढीच आमची विनंती आहे.